परमाची बिअर आन् मपलं नाक

मी म्हाळू. पालीचा. धरणाच्या वरल्या माळावर आमची मेंढरं असतात, आन् ह्या सगळ्या माळावर मपल्यासारखं नाक दुसऱ्या कोणाला न्हाई. फुशारकी म्हणून सांगत न्हाई, जे हाय ते सांगतो. डोळे बांधून कोकरू हातात द्या, कोणत्या मेंढीचं हाय ते हुंगून सांगतो. वादळ गेवराईकडून येणार का पाटोद्याकडून, ते मला ढग दिसायच्या आधी कळतं. लोक मला इचारून वाळवणं घालतात.

पण ही गोष्ट मपली न्हाई, मपल्या धाकट्या भावाची हाय. त्याचं नाव परमेश्वर, घरात परमा. परमाचं नाक मपल्याहून तेज होतं. आता मी सोता असं म्हणतो म्हंजे ते किती तेज असंल ते तुमीच समजून घ्या.

लहानपणी आमी दोघं भाऊ पालीच्या शाळेत एकाच खोलीत बसायचो, दोन वर्गांला मिळून खोली एकच होती. आमच्या अंगाला मेंढराचा वास येतो म्हणून पोरं सरकून बसायची. एक दिवस एकानं परमाकडं बघून नाक दाबलं. मी त्याला असा आडवा केला की मास्तराला मला उचलून बाजूला करावं लागलं. सातवीनंतर मी शाळेत गेलो न्हाई. कोणी इचारलं कावून सोडली, तर सांगतो, शाळेला मी झेपलो न्हाई.

परमा मात्र दहावी झाला आन् पुण्याला गेला. माजलगावाकडचे विजयसिंह, मोठं बागायती घर, तिकडल्या धरणाच्या पाण्यावर नजर पुरणार न्हाई एवढा ऊस, घरात राजकारण, त्यांनी पुण्यात हाटेल टाकलं होतं. तिथं बिअर बाहेरून आणत न्हाईत, हाटेलातच बनवतात. काचेच्या भिंतीपल्याड मोठाल्या टाक्या, अल्याड माणसं बसून पितात. परमा तिथं पिंपं धुवायला लागला. ष्टीलची उंच पिंपं, दुधाच्या कॅनीला ताणून लांब केल्यावानी, वर झाकण, बाजूला गॅसची तोटी. ते लोक त्याला केग म्हणतात.

तिथला बिअर बनवणारा गोव्याकडचा म्हातारा होता. त्यानं बघितलं की हा पोरगा धुतलेलं पिंप लावायच्या आधी आत तोंड घालून हुंगतो, आन् एखादं बाजूला ठिवतो.

"ये बाजूको कायको रखा?" म्हाताऱ्यानं इचारलं.

"यातला जुना वास गेला न्हाई," परमा म्हणला.

म्हाताऱ्यानं सोता हुंगलं, आन् त्या दिवसापासून परमाला जवळ घेतलं. पाच-सहा वर्सात सगळं शिकवलं. म्हातारा गावी गेला तवा विजयसिंहांनी परमालाच त्याच्या जागी बसवलं. मी हे बीडच्या श्टँडवर, बाजारात, सोयऱ्यांच्या लग्नात, जिथं जाईन तिथं सांगितलं. आमचा परमा मोठमोठ्या साहेबलोकांला बिअर पाजतो, आन् ती सोता बनवतो. मपल्या गळ्यात माळ हाय, मी थेंब घेत न्हाई. पण भावाचं कौतुक करायला माळ आडवी येत न्हाई.

मंग मागल्या वर्साला परमाला ताप आला. सादाच ताप. चार दिवस अंगात राहिला आन् गेला, पण जाताना वास घेऊन गेला. त्याला आधी कळलंच न्हाई. त्याच्या बायकोनं, अंजूनं, चुलीवर... म्हंजे शेगडीवर दूध ठिवलं होतं आन् ती खाली गेलती. परमा शेजारी बसून मोबाईल बघत होता. ती वर आली तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आन् हा जागेवरच. "अवो, नाक कुठं गहाण ठिवलं का?" असं ती हसत म्हणली. परमा उठला, भगुल्यात तोंड घातलं, आन् तसाच खाली बसला.

डाक्टर म्हणला, येईल, न बी येईल. रोज ओळखीचे वास घेत जा. परमा रोज लवंग हुंगायचा, लिंबू हुंगायचा, घासलेट हुंगायचा. सगळं सारखंच, कोऱ्या हवेसारखं. हाटेलात त्यानं कोणाला कळू दिलं न्हाई. वर्सानुवर्सं केलेलं काम होतं, मापं पाठ होती, काटे बघून निभत होतं. जिथं वास घ्यायचाच तिथं तो हाताखालच्या पोरांला म्हणायचा, "तू सांग बरं, शिकतोयस ना?" आन् पोरं जे सांगायची त्याला मान हलवायचा. असं वर्सभर चाललं.

मंग विजयसिंहांनी त्याला बोलावून घेतलं. पुण्यात दुसरी जागा काढत होते. म्हणले, "परमा, नव्या जागेसाठी नवी बिअर पायजे. आपल्या भागाची. ज्वारी घाल, काय घालायचं ते घाल, पण वास असा पायजे की गिलास तोंडाला लावायच्या आधी माणसानं इचारलं पायजे, हे काय हाय म्हणून. मी गावाकडं येणार हाय, तिथंच पाज. जमलं तर नवी जागा तुझ्या ताब्यात. न्हाई जमलं तर बंगलोरचा एक माणूस बघून ठिवलाय, तो दोन्हीकडं बघंल."

परमानं दुसऱ्याच दिवशी मला फोन लावला. "दादा, मला तुपलं नाक पायजे."

"नाक काय, मुंडकं घेऊन जा," मी म्हणलं.

तो रजा घेऊन गावी आला, अंजू बी आली. पुण्यात केली असती तर हाताखालच्या पोरांनी हेरलं असतं. संग एक लहान पिंप, गॅसची नळकांडी, भिजवून वाळवलेले जव आन् चांदीच्या रंगाची एक पुडी. घरी असलं काही बनवायची परवानगी नसती, हे परमाला पक्कं मालूम होतं. म्हणून एकच पिंप, विकायची न्हाई, कोणाला दाखवायची न्हाई. मायला, म्हंजे ताराबाईला, हे काही सांगितलं नव्हतं. ती चुलीपुढं उकडणारं जव आन् ज्वारी बघून म्हणली,

"आंबील हाय का रं ही?"

"आंबीलच हाय माय. जरा फुगलेली."

"मंग दार कावून लावलं?"

"वारं लागतं."

"तुज्या बापानं जिंदगीत दार लावून आंबील केली न्हाई," माय म्हणली, आन् सोताच जाऊन दारात बसली, येणाऱ्याला अडवायला.

बिअर आंबायला ठिवली. एका बंद पडलेल्या कुल्फीवाल्याचा मोठा फ्रीज मी बीडहून टेंपोत आणलता, त्यात. परमा काटा बघायचा, बुडबुडे बघायचा, कान लावून आयकायचा. तिथपर्यंत त्याला कोणाची गरज लागली न्हाई. आंधळा माणूस सोताच्या गल्लीत चालावा तसा तो चालत होता. आंबणं थांबलं, बिअर पिंपात भरली, गार झाली, आन् मंग त्यानं ती चांदीची पुडी फोडली.

आत हिरव्या गोळ्या होत्या. मपली बायको शिवकन्या वाकून बघती आन् म्हणती, "भाऊजी, एवढ्या लांबून लेंड्या कावून आणल्या? आपल्याकडं ढिगानं हायेत."

परमा लई दिवसांनी हसला. म्हणला, वहिनी, ह्याला हॉप्स म्हणतात. थंड मुलखातल्या वेलीचं फूल हाय, वाळवून दाबून गोळ्या करतात. बिअरचा कडूपणा त्याच्यातून येतो, आन् वास बी. उकळताना टाकलं तर कडूपणा जास्त उतरतो, वास वाफेवर उडून जातो. पण बिअर पुरी झाल्यावर, गार असताना, पिंपातच भिजत ठिवलं तर निस्ता वास उतरतो. चहात आधी टाकलेली विलायची आन् उतरवताना टाकलेली विलायची यात फरक असतो, तसं. मी पुडीत नाक घातलं तर बापा, ते नाकातून थेट कपाळात गेलं.

"काय आलं?" परमा.

"सगळंच आलं. मोसंबी, करवंद, निंबाचा मोहर, आन् त्याच्यात कायतरी मांजराचं बी."

"बराबर! मांजराचं बी बराबर!" त्यानं मपल्या मांडीवर थाप मारली. "दादा, लेका, तू पुण्यात असतास तर मला कोणी इचारलं नसतं."

मी म्हणलं, ते तर हायच.

आता ह्या गोळ्या बारीक कापडाच्या पिशवीत भरायच्या, बुडाव्या म्हणून आत ष्टीलचे नट घालायचे, आन् पिशवी दोऱ्यानं झाकणाच्या आतल्या कडीला टांगायची. म्हंजे वास पुरेसा उतरला की वर वढून काढता येती. जास्त दिवस राहिली तर बिअरला घासाचा वास मारतो, कापलेल्या घासाचा, मंग ती बेकार. कवा काढायची ते कोणत्याच पुस्तकात लिवलेलं न्हाई. रोज थोडी काढून हुंगायची आन् ठरवायचं. ह्याच्यासाठी मी.

पिशवी होती, नट होते, दोरा पुण्यात राहिलता. परमा म्हणला, "धरणावर मासे धरणाऱ्या कोणाकडून नायलॉन आण. तोच लागतो."

मी म्हणलं, "तू काय येडा हाय बे? माळकऱ्याच्या घरात माशाचा दोरा? सगळ्या पिंपाला मासळी मारंल."

"नवा आण की मंग."

"नवा कुठला? त्यांच्या घरात नवा बी माशातच असतो."

तेवढ्यात माय आतून लोकरीचा दोरा घेऊन आली. तिनं सोता कातलेला, काळ्या मेंढीचा, घोंगडं शिवायला ठिवलेला. "हा घ्या. पाण्यात कुजत न्हाई, तुटत न्हाई. आन् ह्याला कसलाच वास न्हाई."

मी हुंगला. न्हाई. शिवकन्यानं हुंगला. न्हाई. अंजूनं बी हुंगला. तिचं माहेर केजजवळ, तिथं बी मेंढरंच. तिला बी न्हाई. परमानं दोरा चांगला उकळून घेतला, कारण बिअरला घाण चालत न्हाई, आन् पिशवी टांगून झाकण लावलं.

मंग रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आमची बैठक. परमा तोटीतून थोडी बिअर ष्टीलच्या गिलासात काढायचा आन् मपल्या हातात द्यायचा. सोता पुढं उकिडवा बसायचा, मपल्या तोंडाकडं बघत.

"सांग."

"गोड हाय."

"गोड म्हंजे? गुळाचा गोड का फळाचा?"

"फळाचा."

"कोणत्या?"

"आरं वास घेऊ तर दे मला! मोसंबीच्या सालीला नख लावलं की फवारा उडतो बघ, तसला."

"आन् त्याच्या मागून?"

"मागून निंबाचा मोहर. आन् एकदम तळाला भाजल्या हुरड्यावानी."

"ती ज्वारी," परमा डोळे मिटून म्हणायचा. "ज्वारी लागली का? वा. घासाचा तर न्हाई ना?"

"न्हाई."

"आला की लगेच सांग."

अंजू चहा घेऊन यायची. "मोठे भाऊजी, तुमच्या नाकाचा इमा काढून ठिवा. सर्दी झाली तर आमचं सगळं घर बसंल."

मी खरंच रुमाल बांधून मेंढरामागं फिरलो त्या दिवसांत. धूळ चुकवायची म्हणून वाट बदलली. दोस्त म्हणले, म्हाळू, नवरदेव झाला का? मी म्हणलं, तसंच समजा.

मी दिलेला गिलास परमा परत घ्यायचा, आन् मपल्यामागून सोता बी एकदा लांब श्वास घ्यायचा. रोज. मी इचारायचो, "काही?" तो मान हलवायचा आन् उरलेली मातीत वतून गिलास इसळायचा. मला तिथं काही करता येत नव्हतं. मेंढीचा पाय मोडला तर मी बांधतो, आडलेली मेंढी मी मोकळी करतो, पण भावाच्या नाकात कुठून हात घालावा?

एक दिवस मला हिरवट झाक लागली. मी सांगितली. परमानं तडक झाकण उघडून पिशवी काढली. "संपलं. आता जशी हाय तशी." तो लई खूष होता. म्हणला, दादा, तुपल्या सांगण्यावरून मला ती सगळी दिसती. अशी बिअर मी वास येत होता तवा बी केली न्हाई.

विजयसिंह आल्याचा फोन आला. आमी जीप ठरवली, पिंपाभोवती बर्फ आन् वरून गोणपाट गुंडाळलं, आन् बीडहून माजलगावची वाट धरली. परमा सगळ्या रस्त्यानं पिंपाला हात लावून बसलता, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा. साखर कारखान्यापाशी मळीचा असला घाणेरडा भपका आला की जीपवाल्यानं काच वर केली. परमानं मपल्याकडं बघितलं.

"मळी," मी सांगितलं.

"हां. हितंच असती," तो म्हणला.

विजयसिंहांचा बंगला उसातच हाय. व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या होत्या. ते सोता आले, परमाच्या खांद्यावर हात ठिवला, मला बी "बस म्हाळू" म्हणले, आन् मी खुर्चीतच बसलो, खाली न्हाई. त्यांची बायको विजयमाला बाहेर आली. हाटेलाचं पुण्यातलं काम तीच बघती. परमानं काचेचे गिलास पुसले, तोटी धरली, बिअर काढली. सोन्यावानी रंग, वर सायीसारखा फेस.

विजयमालाबाईंनी गिलास तोंडाजवळ नेला आन् थांबल्या. गिलास हळूच टेबलावर ठिवला.

विजयसिंहांनी एक घोट घेतला. मंग गिलासात नाक घातलं. मंग परमाकडं बघितलं.

"परमा, ह्याला मेंढराचा वास येतोय रे."

मपल्या डोक्यात एकदम शाळेची खोली आली. मी उठलोच. "मालक, वास बिअरला येतोय का आमाला येतोय? नीट सांगा. आमी अंघोळ करून आलोय."

"म्हाळू, बस खाली. मी बिअरचं बोलतोय."

"बिअरचं काय बोलता? रोज सकाळी मी हुंगली हाय ही बिअर. ह्या नाकानं! मोसंबी हाय, निंबाचा मोहर हाय, हुरडा हाय. ह्या नाकाला आजपर्यंत कोणी खोटं ठरवलं न्हाई. पालीत जाऊन इचारा!"

विजयसिंह मपल्याकडं बघतच राहिले. मंग हळू आवाजात इचारलं, "तू हुंगली? रोज? आन् परमा काय करत होता?"

मी परमाकडं बघितलं.

परमानं तोटी बंद केली. पुसायचं फडकं घडी करून ठिवलं. "मला वास येत न्हाई मालक. मागल्या वर्सापासून. ताप आलता तवापासून."

"वर्सभर?"

"हां."

"आन् वर्सभर तू मला बिअर पाजतोयस?"

"मापं पाठ हायेत मालक."

विजयसिंह चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर लई बरं झालं असतं. मी हाय ना तिथं, मला चिडता येतं, मी सामना केला असता. पण ते चिडलेच न्हाईत. खुर्चीत मागं टेकले आन् दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

परमा आता विजयमालाबाईंकडं वळला. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून का काय, त्याचा आवाज एकदम हाटेलातल्या परमासारखा झाला. "वहिनीसाहेब, तुमी सांगा. मेंढराचा म्हंजे कसला? लेंडीचा? दुधाचा? का लोकरीचा?"

त्यांनी गिलास परत उचलला, डोळे मिटले. "भिजलेल्या घोंगड्याचा."

"दोरा," परमा म्हणला. मपल्याकडं वळून, निस्तं सांगितल्यासारखं. "दादा, मायचा दोरा. लोकरीत चरबी असती. बिअरमधी उतरली."

"त्याला वास नव्हता परमा! चौघांनी हुंगलता!"

"आपल्याच चौघांनी. मेंढरांत वाढलेल्यांनी," तो म्हणला.

मी टेबलावरचा गिलास घेतला. नाक आत घातलं, मिशीला फेस लागला. तुमाला देवाशपथ सांगतो, मोसंबीच होती. निंबाचा मोहर, हुरडा. मी परत हुंगलं. मेंढरू कुठंच नव्हतं. मी विजयमालाबाईंकडं बघितलं, त्या माणुसकीनं मपल्याकडं बघत होत्या आन् तेच मला सोसना.

"त्याच्या खाली मोसंबी हाय की," त्या परमाला म्हणल्या. "लई छान हाय. त्या दोऱ्यानं घोळ केला, न्हाई तर..."

परमा पुढं सरकला. "मालक, दोरा बदलतो. नायलॉन लावतो. मला परत एक पिंप करू द्या."

"दोरा बदलता येईल परमा," विजयसिंह म्हणले. "नाक कुठून आणू? उद्या पाण्यात काही आलं, पिंप खराब झालं, तुला कसं कळणार? दर टायमाला म्हाळूला बोलवायचं का?"

"मी येतो की पुण्याला," मी म्हणलं. "मेंढरं विकतो."

कोणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं, मी ते गंमत म्हणून मिटवलं असतं. परमा म्हणला, "दादा, तुला बी न्हाई आला ना तो वास."

मी गिलास टेबलावर ठिवला आन् परत खुर्चीत बसलो.

विजयसिंह म्हणले, तुझी रोजी मी तोडणार न्हाई. पिंपांचं खातं सांभाळ, धुणं, भरणं, माल मोजून घेणं. टाक्यांपाशी बंगलोरचा माणूस बसंल. परमा "बरं" म्हणला. म्हंजे जिथून सुरू केलं तिथंच, आन् तेवढं बी निम्मं, कारण धुतलेलं पिंप हुंगून बाजूला ठिवणारा परमा आता नव्हता. चहा आला. मी प्यालो न्हाई. परमा प्याला, सगळा. कोणाच्या घरचा चहा टाकायचा न्हाई असं मायनं त्याला शिकवलेलं हाय, मला बी शिकवलं होतं.

परतताना पिंप उरलेल्या बिअरसकट जीपमधी होतं. आमच्या धरणाच्या सांडव्यापाशी परमानं जीप थांबवली आन् पिंप आडवं करून सगळी वतून दिली. फेस खडकावरून वघळत गेला. जीपवाला "आरं आरं" करत राहिला.

मायला आमी दोऱ्याचं सांगितलं न्हाई. तिनं इचारलं, "आवडली का रं त्यांला आंबील?" परमा म्हणला, "आवडली माय. मोसंबी लई आवडली." तिला मोसंबी कुठून आली ते कळलं न्हाई, पण आवडली म्हणल्यावर ती चुलीकडं गेली.

निघायच्या दिवशी सकाळी मी मेंढवाड्यात गेलो तर परमा आधीच आत. काळ्या मेंढीच्या मानंत तोंड खुपसून बसलता. पाठ हलत होती, मला वाटलं रडतो. पण न्हाई, श्वास घेत होता. एक झाला की दुसरा. मेंढी बिचारी उभी.

"परमा."

त्यानं तोंड वर केलं. मिशीला, भुवईला लोकर चिकटलेली. "दादा, कसा असतो रं हा?"

"काय?"

"मेंढराचा वास. पोरं नाक दाबायची तवा बी मला कळायचं न्हाई ते काय म्हणतात. मी मोठमोठे वास ओळखले, हा कवा घेतलाच न्हाई. वहिनीसाहेबांला आला, मालकांला आला. तुला इतकं सांगता येतं, सांग ना. गोड हाय का आंबट?"

मी खाली बसलो. मेंढीची लोकर दोन्ही हातांनी फाकवली, पार कातडीपर्यंत, आन् नाक लावलं. छाती फुटंस्तोवर घेतलं. ऊन लागत होतं, गरम लागत होतं, ही कोणती मेंढी ते बी कळत होतं, पण लोक मेंढराचा म्हणतात तो वास न्हाई. दुसऱ्या बाजूनं घेतलं. मंग कानामागं. मंग पोटाखाली, जिथं जास्त असायला पायजे तिथं. परमा पुढं उकिडवा बसून मपल्या तोंडाकडं बघत होता, बिअरच्या टायमाला बघायचा तसाच.

"सांग."

"थांब जरा."

मी दुसरी मेंढी धरली. मंग एडका धरला. एडक्याचा तर लांबून येतो म्हणतात लोक. त्यानं मला धडक दिली, तरी मी सोडला न्हाई. खोटं सांगता आलं असतं. मपल्याकडं शब्दांला कमी न्हाई. पण माजलगावात त्या बाईनं डोळे मिटून जसं सांगितलं होतं, ते ज्यानं आयकलं त्याला मी खोटं काय सांगू?

"अवो, जीप आली," अंजूनं वाड्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली. तिनं पदर नाकाला लावला न्हाई. तिला बी काही येत नव्हतं.

परमा उठला, अंगावरची लोकर झटकली, वाकून मपल्या पाया पडला. "असू दे," म्हणला, "सापडला तर फोन कर."

मी एडक्याचं शिंग धरून तिथंच उभा. जीप धरणाच्या वळणाला दिसंनाशी झाली तरी मी एडक्याला सोडलं नव्हतं.